भूल उतरल्यावरचा घसा

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येतो, तेव्हा टाक्यांची, तापाची, लघवीची चौकशी होते. घसा दुखतोय, असे त्याने सांगितले तर मात्र ‘दोन दिवसांत जाईल’ एवढेच उत्तर मिळते. बहुधा तसेच घडते. तरीही या विषयाकडे वळावे, अशी वाचकांना विनंती आहे. हे दुखणे आजारातून आलेले नाही, उपचारातून आलेले आहे. आणि काळजी घेतली तर ते बऱ्याच अंशी टाळता येते.

पूर्ण भूल दिल्यावर श्वास सुरक्षित राहावा, म्हणून श्वासनलिकेत नळी घालतात; घसा दुखतो तो बहुधा तिच्यामुळे. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकिवेन यांनी 1878 मध्ये भूल देण्यासाठी तोंडावाटे अशी नळी घातली. पहिल्या महायुद्धानंतर चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोटम यांनी हे तंत्र घडवले. पुढे आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी नळीला फुगा जोडला. हा फुगा वायू गळू देत नाही आणि पोटातले पदार्थ फुप्फुसात जाण्यापासून रोखतो.

वाचकांनी या विषयात शिरताना या फुग्यापासूनच सुरुवात करावी. त्यातला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो. त्याहून वाढला, की श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा मंदावतो. भूल देताना नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला असेल, तर तो हळूहळू फुग्यात झिरपतो. म्हणजे सुरुवातीला बेताने फुगवलेला फुगाही शस्त्रक्रिया चालू असताना ताठ होत जातो. बोटांनी दाबून घेतलेला अंदाज इथे फसवा ठरतो. दाब मापकानेच मोजायला हवा, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत पुन्हा पुन्हा मोजायला हवा. मला या सबंध विषयातले हे सर्वांत मोलाचे ज्ञान वाटते, कारण त्यासाठी महागडे औषध लागत नाही.

बाकीचे उपाय तुम्हाला सावकाश वाचता येतील: थोडी बारीक नळी, हलका हात, सूज उतरवणारे डेक्सामेथासोन, फुग्यात हवेऐवजी बधिर करणारे लिडोकेन, किंवा जमेल तिथे भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांचा स्वरयंत्रावर बसणारा मास्क. आपल्या वाचकाला ओळखीचा वाटेल असा उपाय म्हणजे ज्येष्ठमध. भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास घशाचा त्रास कमी होतो, असे लखनौच्या भूलतज्ज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. गवयांच्या बटव्यातली वस्तू रीतसर चाचणीला उतरली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र शस्त्रक्रियेआधी उपाशी राहायच्या दिवशी हा प्रयोग कुणी परस्पर करू नये.

तुमच्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल, आणि गाणे किंवा शिकवणे हा तुमचा व्यवसाय असेल, तर भूलतज्ज्ञांना ते आधीच सांगा. नळी लागणार का, दाब मोजणार का, हेही निःसंकोच विचारा. शस्त्रक्रियेनंतर आठवडा उलटूनही आवाज मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या.