पत्त्यावरून पारख : संकेतस्थळांची तत्क्षणी वर्गवारी

महाजालावरील एखाद्या दुव्यावर टिचकी मारल्यापासून पान उघडेपर्यंत जेमतेम क्षणभराचा अवधी जातो. हे संकेतस्थळ बातम्यांचे, खरेदीचे की बँकेच्या नावाने ग्राहकांना गंडवणारे, याचा निवाडा तेवढ्याच अवधीत करावा लागतो. पान उतरवून घेऊन त्यातील मजकूर तपासणे हा खात्रीचा मार्ग असला, तरी तो वेळखाऊ आहे आणि घातक पानाच्या बाबतीत धोक्याचाही. म्हणूनच पान न उघडता, केवळ त्याच्या पत्त्यावरून वर्गवारी करणारी हलकी यंत्र-शिक्षण पद्धती महत्त्वाची ठरली आहे.

याद्या अपुऱ्या का पडतात?

संरक्षणाचा जुना उपाय म्हणजे घातक पत्त्यांची काळी यादी. ती अचूक असते. मात्र कोणी तरी फसल्याचे वा पान तपासले गेल्याचे निष्पन्न झाल्यावरच त्यात नवी नोंद होते. गुगलच्या क्रोम ब्राऊजरमध्ये अशी यादी संगणकावर साठवली जाई आणि दर ३० ते ६० मिनिटांनी अद्ययावत होई. घातक संकेतस्थळाचे सरासरी आयुष्य १० मिनिटांहूनही कमी असल्याचे सांगत कंपनीने मार्च २०२४ मध्ये तत्क्षणी तपासणीची व्यवस्था जाहीर केली. यादीत नाव चढेपर्यंत भामट्याने दुकान आवरलेले असते, असा याचा अर्थ. यादीत नसलेल्या पत्त्याविषयी अंदाज बांधण्याचे काम यंत्र-शिक्षणाकडे येते.

पत्ता काय सांगतो?

पत्त्याची लांबी, त्यातील टिंबे, आडव्या रेघा आणि अंक, नावाऐवजी थेट आकडी पत्त्याचा वापर, ‘लॉगिन’ वा ‘व्हेरिफाय’सारखे शब्द, अक्षरांचे तीन-तीन, चार-चारचे तुकडे ही सारी वैशिष्ट्ये होत. नाव केव्हा नोंदवले गेले आणि ते कोणत्या सर्व्हरवर आहे, हेही पाहता येते. परंतु ही माहिती बाहेरून मागवावी लागत असल्याने विलंब होतो. निव्वळ अक्षरांवर विसंबणारी पद्धत यास्तव सर्वांत वेगवान ठरते.

प्रत्येक वैशिष्ट्याला शिक्षणातून एक वजन मिळते : संशय वाढवणाऱ्याला धन, कमी करणाऱ्याला ऋण. पत्ता समोर येताच त्यातील वैशिष्ट्यांच्या वजनांची बेरीज होते आणि लॉजिस्टिक रिग्रेशन या सूत्राने तिचे संभाव्यतेत रूपांतर होते. वैशिष्ट्ये लाखोंच्या घरात गेली, तरी ती ‘हॅशिंग’ने ठरावीक कप्प्यांत बसवता येतात. १०,४८,५७६ कप्पे आणि प्रत्येकी ४ बाईट धरल्यास संपूर्ण प्रतिमान ४ मेगाबाईटमध्ये मावते. साधा मोबाईलही ते सहज पेलतो.

शिकत राहणारे यंत्र

या क्षेत्रातील महत्त्वाचा प्रयोग २००९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी मांडला. जस्टिन मा, लॉरेन्स सॉल, स्टीफन सॅव्हेज आणि जेफ्री व्होल्कर यांनी शंभराहून अधिक दिवसांत जमवलेले सुमारे २४ लाख पत्ते तपासले. वैशिष्ट्यांची संख्या ३२ लाखांवर गेली आणि अचूकता ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचली. एकदाच शिकवून सोडून दिलेले प्रतिमान दिवसागणिक जुने पडत गेले. प्रत्येक नव्या उदाहरणाबरोबर वजने बदलणारे मात्र टिकून राहिले. भामटे युक्त्या बदलत असताना पहारेकऱ्याला शिकणे थांबवता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा.

एका टक्क्याची किंमत

तथापि, ९९ टक्के या आकड्याने हुरळून जाता येत नाही. त्या प्रयोगातील सुमारे एकतृतीयांश पत्ते घातक होते. दैनंदिन वापरात हे प्रमाण फारच अल्प असते. समजा, १० लाख पत्त्यांत १०० घातक आहेत. ९९ टक्के अचूक यंत्र त्यांतील ९९ पकडेल. पण उरलेल्या ९,९९,९०० निरपराध पत्त्यांपैकी ९,९९९ पत्त्यांवरही ठपका ठेवेल. म्हणजे धोक्याचा इशारा मिळालेल्या दर शंभर पत्त्यांत खरा घातक जेमतेम एक! एखाद्या लहान व्यापाऱ्याचे संकेतस्थळ असे विनाकारण अडवले गेले, तर त्याचा धंदाच बसतो.

म्हणून हलके प्रतिमान सहसा अंतिम न्यायाधीश नसते, चाळणी असते. विश्वासार्ह पत्ते ते लगेच सोडते आणि मोजक्या संशयितांनाच मजकुराच्या सखोल तपासणीकडे धाडते. ही चाळणी वापरकर्त्याच्याच यंत्रावर चालल्यास तो कोणती पाने पाहतो, याची माहिती बाहेर जाण्याचीही गरज उरत नाही. मूळ पत्ता लपवणारे आखूड दुवे आणि घुसखोरी झालेली प्रामाणिक संकेतस्थळे मात्र निव्वळ अक्षरांच्या परीक्षेला चकवतात.

वाचकाच्या हाती

भारतात रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नाव जाहीर केले आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. यंत्राला आणि माणसाला, दोघांनाही ही खूण उपयोगी आहे. मात्र ती योग्य जागी असायला हवी. आरंभीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग खरा मालक सांगतो. त्याआधी वा नंतर कुठेही बँकेचे नाव कोणालाही लिहिता येते. पत्ता तेथून उलट, डावीकडे वाचत जाण्याची सवय लावून घेतली, तर बरेच सापळे डोळ्यांनाच दिसतात. तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. गेलेला पैसा वाटेतच रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.