आरोग्य सर्वेक्षणांत सामाजिक वर्ग कसा ठरतो?

आजार, कुपोषण आणि मृत्यू यांचे प्रमाण समाजाच्या सर्व थरांत सारखे नसते. म्हणूनच आरोग्य सर्वेक्षणात वय व लिंग यांच्याबरोबर व्यक्तीचा सामाजिक-आर्थिक स्तरही नोंदवला जातो. हा स्तर ठरवण्याचे निकष देशकालानुसार बदलत आले आहेत. निकष बदलला की कोणत्या समूहाचे अनारोग्य आकडेवारीत दिसणार, हेही बदलते.

व्यवसायाचा निकष

ब्रिटनमध्ये टी. एच. सी. स्टीव्हनसन यांनी १९११ च्या जनगणनेच्या आधारे व्यवसायांची श्रेणीबद्ध विभागणी करून बालमृत्यूंची तुलना केली. पुढे उच्च व्यावसायिकांपासून अकुशल कामगारांपर्यंत पाच वर्गांची पद्धत तेथे रूढ झाली. सार्वजनिक आरोग्यसेवा असूनही वर्गावर्गांतील मृत्युदराची तफावत कायम असल्याचे १९८० च्या ब्लॅक अहवालाने दाखवले, ते याच पद्धतीच्या आधारे. मात्र विवाहित स्त्रीचा वर्ग सामान्यतः पतीच्या व्यवसायावरून ठरत असे. २००१ पासून तेथे रोजगाराच्या स्वरूपावर आधारित नवे वर्गीकरण वापरले जाते.

भारतातील मापनश्रेणी

भारतात असंघटित क्षेत्र मोठे आहे. पावसाळ्यात शेती आणि नंतर बांधकामावर मजुरी करणाऱ्याचा व्यवसाय एका शब्दात नोंदवता येत नाही. त्यामुळे येथे संमिश्र मापनश्रेणी पुढे आल्या. शहरी कुटुंबांसाठीची कुप्पुस्वामी श्रेणी १९७६ मधील आहे. तीत कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न यांना ३ ते २९ गुण देऊन पाच वर्ग पाडले जातात. १९६१ ची प्रसाद श्रेणी केवळ दरडोई उत्पन्नावर आधारलेली आहे. महागाईमुळे उत्पन्नाच्या मर्यादा कालबाह्य होतात. म्हणून त्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वेळोवेळी सुधाराव्या लागतात.

संपत्ती निर्देशांक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये सुरू झाले. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याचे समन्वयन करते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून त्यात संपत्ती निर्देशांक वापरला जातो. घराचे बांधकाम, पाणी, शौचालय, इंधन, वाहन, दूरचित्रवाणी संच अशा बाबींवरून कुटुंबाला गुण मिळतात आणि लोकसंख्येचे पाच समान गट केले जातात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण सर्वांत गरीब गटात ४६ टक्के, तर सर्वांत संपन्न गटात २३ टक्के आढळले.

मर्यादा

हा निर्देशांक सापेक्ष असतो. देशाची स्थिती सुधारली तरी तळाचा गट पाचव्या हिश्श्याचाच राहतो. कुटुंबाला एकच गुणांक मिळत असल्याने घरातील स्त्रीचा त्या संपत्तीवर कितपत अधिकार आहे, हे त्यातून कळत नाही. कामामुळे होणारी हानीही मालमत्तेच्या यादीत उमटत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा महाराष्ट्र सरकारला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. हंगामी, स्थलांतरित आणि बिनपगारी काम नेमकेपणाने नोंदवल्याखेरीज अशा समूहांचे अनारोग्य राष्ट्रीय सरासरीत झाकलेलेच राहते.