बोट चुकीच्या ऋतूकडे

हवामानबदलावरच्या व्याख्यानात एक विधान हमखास ऐकू येते: पृथ्वी तापते आहे, डास फोफावतील, मलेरिया डोंगर चढेल, आणि हे आता गणिताने सिद्ध झाले आहे. नंदुरबार जिल्ह्याचा विषय निघाला की पुढचे वाक्यही ठरलेले. सातपुड्यातले अक्कलकुवा, धडगाव यात सगळ्यांच्या आधी भरडले जाणार. ही भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणत नाही. पण गणिताच्या नावावर जे खपवले जाते, ते गणितात नाही.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडायला हवी. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात गेला की तो लगेच दुसऱ्या माणसाला लागत नाही. तो आत पिकावा लागतो, आणि जितकी ऊब जास्त तितका तो लवकर पिकतो. फाल्सिपेरम या घातक जातीसाठी एक जुने सूत्र आहे: सरासरी तापमानातून 16 वजा करायचे आणि येणाऱ्या आकड्याने 111 ला भागायचे. 20 अंशांना सुमारे 28 दिवस, 25 ला 12, 30 ला 8. इथवर पूर्वपक्ष बिनचूक आहे. त्याचा दोष एवढाच की तो इथेच थांबतो.

तेवढे दिवस डासही जगला पाहिजे ना! रोनाल्ड रॉसने 1911 साली घातलेल्या पायावर जॉर्ज मॅकडोनाल्डने पुढे 1950 च्या दशकात जे समीकरण उभारले, त्यात डासाची रोज तगून राहण्याची शक्यता घाताच्या रूपाने येते. समजा, 25 अंशांना शंभरातले 90 डास रोज तगतात. बारा दिवसांनी 28 उरतील. आता 35 अंश घ्या. परजीवी सहा दिवसांत तयार. पण कोरड्या उन्हात रोज 60 टक्केच तगत असतील, तर सहाव्या दिवशी शंभरातले पाचही उरत नाहीत. तगण्याचे हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण कल खराच आहे. एरिन मॉर्डेकाई आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हीच मांडणी बारकाईने केली, तेव्हा संक्रमणाचा कळस 25 अंशांपाशी आला आणि 28 च्या पुढे झपाट्याने उतार लागला. आधीचे अंदाज 31 अंशांचे होते. नंदुरबार जिल्ह्यातल्याच तळोदा-शहाद्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे आणखी दोन अंशांची भर पडली तर माणसाचे हाल वाढतील, मलेरियाचे फावणार नाही.

‘पण मॉडेलचा आलेख प्रत्यक्ष आकड्यांशी जुळतो त्याचे काय?’ हा पूर्वपक्षाचा दुसरा आधार. आलेख जुळण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी 1927 साली साथींचे समीकरण मांडले आणि पुराव्याला घेतली मुंबईतली डिसेंबर 1905 ते जुलै 1906 ची प्लेगची लाट. मॅककेंड्रिक हिंदुस्थानात नोकरी केलेला डॉक्टर. कर्मॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेला रसायनशास्त्रज्ञ. त्यांची घंटेच्या आकाराची रेषा दर आठवड्याच्या मृत्यूंवर सुरेख बसली. लागण होऊ शकेल अशी माणसे कमी झाली की साथ ओसरते, हे त्यामागचे सूत्र.

त्या रेषेखालची बेरीज करून पाहा. साधारण 8,900 मृत्यू येतात. शहराची लोकसंख्या 1901 च्या शिरगणतीतच 7,76,006 होती. एवढ्या वस्तीत लागण होण्याजोगी माणसे दहाएक हजार बळींनंतर संपतील कशी? शिवाय 1896 पासून प्लेग दर वर्षी परत येत होता आणि दर वर्षी उन्हाळ्यात ओसरत होता, कारण उंदरांवरच्या पिसवांना तो उकाडा सोसत नाही. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी 2012 मध्ये दाखवले की ऋतू बाजूला ठेवून या लाटांचा उलगडा होत नाही. मूळ लेखकांनी आपल्या गृहीतकांची ढिलाई स्वतःच नोंदवली होती, हे न्यायाने सांगायला हवे; ती टीप पाठ्यपुस्तकांनी गाळली. म्हणजे जुळणारा आलेख चुकीच्या कारणानेही जुळतो.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील: मग ही मॉडेलेच थोतांड! तेही नाही. भारतात मलेरियाचे नोंदलेले रुग्ण 2015 मध्ये 11.69 लाख होते, 2023 मध्ये 2.27 लाख. या काळात हवा काही थंड झाली नव्हती. मच्छरदाण्या, तपासण्या आणि औषधे यांनी तापमानावर मात केली. मॉडेलमध्ये हे सारे घालता येते, घालायलाच हवे.

मलेरियाचे तेच समीकरण आता हिवाळ्याला लावू. डाब, वालंबा या सातपुड्यातल्या गावांत थंडीत दवबिंदू गोठतात. जिथे सरासरी 17 अंश आहे, तिथे सूत्र 111 दिवस मागते; रोज 90 टक्के डास तगले तरी तोवर लाखात एखादाच उरेल. सरासरी 19 झाली की 37 दिवस पुरतात आणि शंभरात दोन उरतात. तेच दोन अंश, परिणाम हजारो पटींचा. धोका आहे तो इथे, आणि बोट मात्र मे महिन्याकडे दाखवले जाते.

सातपुड्यातल्याच काठीसारख्या गावी आणखी एक गोष्ट मोजावी लागते. माणसे सारखी मिसळत असतात, हे साध्या मॉडेलचे गृहीत. इथे पाडे डोंगरांवर विखुरलेले. पण होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे घराकडे वळतात आणि काठीच्या राजवाडी होळीला हजारो माणसे रात्रभर उघड्यावर ढोलावर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. दोष होळीला नाही. बाहेरून परजीवी कधी येतो, ही तारीख गणिताला लागते. ती तिथीने सरकते. 2018 मध्ये होळी 1 मार्चला होती, 2021 मध्ये 28 मार्चला. सातपुड्यात या चार आठवड्यांत रात्रीची थंडी सरते. संपूर्ण जिल्ह्याची मार्चची एकच सरासरी धरणाऱ्या मॉडेलला ही दोन वर्षे सारखीच दिसतील.