खोक्यातला पंखा आणि दीडपट वेग

घड्याळाचे काटे पुढे सरकवले म्हणून सूर्य लवकर मावळत नाही. संगणकात मात्र एक असे घड्याळ असते की ते जलद चालवले, तर प्रोसेसरचा सारा कारभारच जलद चालू लागतो. त्याच्या ठोक्याला ठोका देत प्रोसेसर कामाचे एकेक पाऊल टाकतो. कारखान्याने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त ठोके त्याच्याकडून वसूल करणे, याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. आज ज्या प्रोसेसरची गोष्ट सांगायची आहे, तो या हौशी मंडळींच्या इतिहासातला फार गाजलेला गडी. गंमत अशी की, त्याला थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या लागल्या नाहीत की बर्फ लागला नाही. प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर बसवलेला तळहातापेक्षा लहान पंखा, एवढ्यावर भागले.

साल १९९८. इंटेल कंपनीचा पेंटियम-२ तेव्हा जोरात होता, पण महाग होता. मे महिन्यात एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा के६-२ हा प्रोसेसर आला आणि स्वस्त संगणकांच्या बाजारातली चुरस वाढली. या बाजारासाठी इंटेलने एप्रिलमध्येच 'सेलेरॉन' नावाचा प्रोसेसर काढला होता. किंमत कमी करण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी सरळ काढून टाकली होती. कॅश म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरचे मसाल्याचे डबे. ते नसले, तर चिमूटभर हळदीसाठीही कोठीच्या खोलीपर्यंत हेलपाटा घालावा लागतो. साहजिकच हा पहिला सेलेरॉन अनेक कामांत रेंगाळे आणि त्याच्यावर टीकाही झाली.

ही चूक इंटेलने २४ ऑगस्ट १९९८ रोजी सुधारली. 'सेलेरॉन ३००ए' या नव्या प्रोसेसरमध्ये १२८ किलोबाइट कॅश थेट त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवली. पेंटियम-२ची कॅश चौपट, म्हणजे ५१२ किलोबाइट होती. पण ती वेगळ्या चिपमध्ये होती आणि प्रोसेसरच्या निम्म्याच वेगाने चाले. सेलेरॉनची कॅश छोटी, पण पूर्ण वेगाची. त्याच दिवशी इंटेलने आपला नवा बिनीचा मोहरा, ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२, जाहीर केला. घाऊक दर होते सेलेरॉनचा १४९ डॉलर आणि पेंटियमचा ६६९ डॉलर. एकाच दिवशी जन्मलेल्या या दोन भावंडांत साडेचारपट अंतर!

हे अंतर मिटवायला साधा गुणाकार पुरला. मदरबोर्ड प्रोसेसरला ६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देई आणि प्रोसेसर आत त्याची साडेचारपट करी, म्हणून ३००. हा साडेचारचा आकडा कंपनीने कुलूपबंद केला होता. त्यामागे कारणही होते. नव्वदच्या दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापत आणि ती महाग विकत. पण मूळ ठोक्याला कुलूप नव्हते. इंटेलच्याच ४४०बीएक्स या नव्या संचाचे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठोका अधिकृतपणे देत होते. शंभर गुणिले साडेचार म्हणजे ४५०. झाले!

तैवानच्या ॲबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर हा बदल पेटी न उघडता, कळफलकावरून करता येई. दुसऱ्या काही बोर्डांवर लोकांनी प्रोसेसरच्या 'बी२१' या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला किंवा नेलपॉलिशचा थेंब सोडला. मग बोर्डाला वाटे, हा शंभराचाच प्रोसेसर आहे. शिवाय शंभर हा आकडा सोयीचा होता. बीएक्स संच त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ, इतर कार्डांना देई. त्यामुळे ध्वनिकार्ड किंवा हार्डडिस्क यांच्यावर जादा ताण येत नसे.

राहिला प्रश्न उष्णतेचा. खरी परीक्षा इथेच होती. सेलेरॉन ३००ए सुमारे १९ वॉट उष्णता बाहेर टाकी. व्होल्टेज तेच ठेवून ठोके वाढवले, तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते. दीडपट वेगाला दीडपट उष्णता, म्हणजे साडेअठ्ठावीस वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो, हे लक्षात घ्या. व्होल्टेजचा हिशेब आणखी कडक आहे. तिथे उष्णता वर्गाच्या प्रमाणात चढते. प्रोसेसर ४५०ला अडखळत असेल, तर लोक त्याचे व्होल्टेज दोनवरून २.२ करत. दहा टक्क्यांची ही वाढ उष्णतेत एकवीस टक्क्यांची भर घाली. साडेअठ्ठावीसचे साडेचौतीस वॉट होत.

आता खोक्यातल्या हीटसिंककडे पाहू. त्याचे काम सांगायला सोपे आहे. चिपची उष्णता धातूत घ्यायची, पात्यांमधून पसरवायची आणि पंख्याच्या झोतात सोडायची. चिप आणि धातू यांच्यामध्ये केसभर हवा राहिली तरी ती दुलईचे काम करते. म्हणून दोहोंमध्ये उष्णता वाहून नेणारा लेप लागतो, आणि हीटसिंक एकदा काढला की जुना लेप पुसून नवा लावावा लागतो. मात्र हीटसिंक चिपला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिप आणि हवा यांच्यातले अंतर आटोक्यात ठेवतो. हिशेबासाठी समजू या की, दर वॉटमागे हे अंतर एक अंशाने वाढते. पेटीतली हवा ३५ अंशांवर असेल, तर नेमल्या वेगाला चिप ५४ अंशांवर राहील आणि दीडपट वेगाला साडेत्रेसष्टवर. या चिपची मर्यादा होती ८५ अंश. म्हणजे भरपूर जागा शिल्लक! पण तोच संगणक मे महिन्यात अकोल्यातल्या किंवा नागपुरातल्या घरी ठेवा. बंद पेटीतली हवा ५० अंशांवर गेली आणि व्होल्टेजही वाढवलेले असले, की बेरीज साडेचौऱ्याऐंशी होते. जानेवारीत बिनतक्रार चालणारे यंत्र वैशाखात का रुसते, याचे उत्तर या बेरजेत आहे.

मग ३०० म्हणून विकलेली चिप ४५०ला चालली कशी? ती आणि ४५०चा पेंटियम एकाच पिढीच्या आराखड्यातून, पाव मायक्रॉनच्या तंत्राने घडलेले होते. त्या पेंटियमची उष्णताही सुमारे २७ वॉटच होती. स्वस्त चिपवरचा ३००चा आकडा तिची शारीरिक मर्यादा सांगत नव्हता. बाजाराने तिला नेमून दिलेली जागा सांगत होता. कारखाना जो आकडा छापतो, तो एक वायदा असतो. तापलेल्या खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्याखाली, कमी-जास्त होणाऱ्या विजेवरही हा प्रोसेसर वर्षानुवर्षे बिनचूक चालेल, असा तो वायदा. तो पाळता यावा म्हणून काही वाव राखून ठेवावा लागतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा हाच वाव खर्च करतो.

खर्च करायला हरकत नाही. तो कोण करतो आणि कोणाला सांगून करतो, हे महत्त्वाचे. आकडा खोडणारा व्यापारी आणि आपल्याच यंत्राचा ठोका वाढवणारा विद्यार्थी तांत्रिकदृष्ट्या एकच गोष्ट करत होते. पण पहिला दुसऱ्याचा वाव गुपचूप विकत होता, तर दुसरा हमीवर पाणी सोडून, जाणूनबुजून स्वतःचा वापरत होता. प्रत्येक चिप ४५०ला टिकेच असेही नाही. 'चालते' आणि 'बिनचूक चालते' यांत फरक असतो. खेळात एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला तर बिघडत नाही. हिशेबाच्या वहीत एक आकडा मुकाट्याने बदलला, तर बिघडते. म्हणून जाणती माणसे ठोका वाढवल्यावर तासन्‌तास अवघड गणिते करून घेत आणि मगच यंत्रावर विश्वास टाकत.

पुढचा इतिहास हा वाव आटत गेल्याचा आहे. सप्टेंबर २००१मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक उचलण्याचा प्रयोग चित्रित केला. पेंटियम-४ने स्वतःहून वेग कमी केला, पेंटियम-३ थबकला आणि एएमडीचे ॲथलॉन जळाले. नंतर उष्णता पाहून स्वतःला आवरण्याची सोय प्रोसेसरमध्ये सर्वत्र आली. २००४पर्यंत पेंटियम-४ची उष्णता ११५ वॉटवर गेली होती, आणि त्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा नियोजित पेंटियम रद्द केला. केवळ ठोके वाढवत नेण्याची शर्यत उष्णतेने थांबवली.

मग कंपन्यांनी हौशी लोकांचीच युक्ती उचलली. २००८च्या कोअर आय-७मध्ये 'टर्बो बूस्ट' आला. उष्णतेला आणि विजेला जागा आहे असे दिसले, की प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवतो. २०११पासून इंटेलने मनाजोगा वेग वाढवण्याची मुभा बहुतांशी 'के' अक्षराच्या, जरा महाग प्रोसेसरांपुरती ठेवली. २०१५मध्ये आलेल्या अशा 'के' प्रोसेसरांच्या खोक्यात तर हीटसिंकच नव्हता. कुलूप काढून हवे, तर थंडाव्याची सोय तुमची तुम्ही करा!

१४९ डॉलरच्या सेलेरॉनमध्ये जो वाव ग्राहकाच्या हाती नकळत पडला होता, त्याचा हिशेब आता कंपनी आधीच करते आणि किमतीत धरते. तरीही संगणक घेताना एवढे विचारायला हरकत नाही: वरचा आकडा कोणत्या हवेत, किती वेळ टिकेल? विक्रेत्याला ते सांगता येईलच असे नाही. पात्यांमध्ये अडकलेली धूळ आणि पेटीवर हात ठेवल्यावर लागणारी ऊब मात्र बरेच काही सांगून जाईल.