प्रेशर वॉशर निवडताना दाबाइतकाच प्रवाहही महत्त्वाचा

सुरतजवळील हजीरा आणि खंभातच्या आखातापलीकडील घोघा यांदरम्यान वाहनेही नेणारी रो-पॅक्स फेरीसेवा नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाली. अशा सागरी प्रवासात, तसेच गोव्यासारख्या किनारी प्रदेशात, वाहनाच्या तळाशी बसणारे क्षार गंज वाढवतात. ते घरीच धुण्यासाठी प्रेशर वॉशर घेताना केवळ ‘बार’चा मोठा आकडा पाहणे पुरेसे नाही.

दाब मळ सुटा करतो, तर पाण्याचा प्रवाह तो वाहून नेतो. घरगुती वापरास सुमारे १०० ते १२० बार दाब आणि मिनिटाला ६ ते ७ लिटर प्रवाह साधारणतः पुरतो. खोक्यावरील कमाल दाबापेक्षा प्रत्यक्ष कामाचा दाब कमी असतो. म्हणून दोन्ही आकडे तपासावेत. नळाला जोर नसल्यास बादलीतून पाणी ओढणारे यंत्र निवडावे.

रंगावर ४० अंशांचा पसरट फवारा किमान ३० सेंटिमीटर अंतरावरून मारावा. शून्य अंशाची टोकदार धार रंग उखडते, टायरलाही इजा करते. विजेच्या जोडणीस अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर असणे अत्यावश्यक आहे.