बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

मे महिन्यातला शनिवार. पाचगणीला मामेबहिणीचा साखरपुडा होता. गाडी 1998 सालची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची, बाबांनी घेतलेली. चालवत मी होते, मागे आई. दुपारी 1:40 ला पसरणीच्या घाटात इंजिन बंद पडलं, पण त्याची सुरुवात पहाटेच झाली होती. ते आठ तास मला आजही मिनिटांसकट आठवतात.

पहाटे 5:40 – आठ तास आधी

पुण्यात पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली ‘फुल’च्या रेषेच्याही वर भरलेली. मी समाधानाने बॉनेट मिटलं.

थंड इंजिनात ही पातळी दोन रेषांच्या मध्ये हवी. इंजिन तापलं की पाणी फुगतं, रेडिएटरच्या झाकणातला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उचलला जातो आणि जादा पाणी बाटलीत येतं. निवताना झाकणातला दुसरा, छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि रेडिएटर तेच पाणी परत ओढून घेतो. रात्रभर निवलेल्या गाडीची बाटली काठोकाठ भरलेली, म्हणजे गेलेलं पाणी परतलंच नव्हतं. फरशीवर ओला डागही होता. एसीचं पाणी असेल म्हणून मी तो सोडून दिला. एसी आदल्या दिवशी लावलाच नव्हता.

सकाळी 6:50 – जवळजवळ सात तास आधी

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर वीस मिनिटांची रांग. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर चढला. रांग सुटली, वारा लागला आणि काटा खाली आला.

उभ्या गाडीत इंजिन तापतं आणि पळताना निवतं, तेव्हा आधी पंखा बघायचा: मोटर, रिले, फ्यूज, स्विच. त्या वीस मिनिटांत पंख्याची घरघर एकदाही ऐकू आली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, पण खूप उशिरा.

सकाळी 7:50 – जवळजवळ सहा तास आधी

खंबाटकीचा चढ. दुसऱ्या गिअरमध्ये काटा पाऊण भागाच्या पुढे. चढावर तापणाऱ्या गाडीची कारणं वेगळी असतात: तुंबलेला रेडिएटर, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप. पण गाडी उभ्यानेही तापते आणि चढावरही, तेव्हा पहिला संशय पाणी कमी असल्याचा घ्यावा.

घाटमाथ्यावर थांबलो. बाटलीतून गरम पाणी बाहेर वाहत होतं, कूलंटचा गोडसर वास येत होता. “अगं, पाणी घालायचं का?” आईने विचारलं. मी म्हणाले, “बाटली भरलेली आहे, आई.”

सकाळी 8:40 ते दुपारी 1:00 – वाई

ढोल्या गणपतीचं दर्शन, मग मावशीकडे जेवण. गाडी चार तास सावलीत उभी होती. निदान करायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. इंजिन गार, हातात वेळ, झाकण उघडायला कसलाही धोका नाही.

निघताना बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला. हा पाइप असा आत ओढला जातो, कारण निवताना आत पोकळी तयार होते आणि झाकणाचा छोटा व्हॉल्व्ह पाणी आत येऊ देत नाही. मग जिथे क्लॅम्प सैल असेल तिथून हवा आत शिरते. मला वाटलं, रबर जुनं झालंय. झाकण उघडलं असतं तर रेडिएटर रिकामा दिसला असता आणि मावशीच्या मोरीतलं पाणी ओतून पाचगणी गाठता आली असती.

दुपारी 1:22 – अठरा मिनिटं आधी

पसरणीचा घाट चढताना काटा लाल पट्टीला टेकला. घाटात जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं. पाचगणीच्या, सुमारे 1,300 मीटर उंचीवर ते 96 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणूनच झाकणाचा दाब महत्त्वाचा. कुकरची शिट्टी सैल असली की डाळ शिजत नाही, तसं झाकण सैल असलं की पाणी लवकर उकळतं. उष्णता ओढून घ्यायला मी हीटर पूर्ण सोडला. आतून गार वारा आला.

दुपारी 1:31 – नऊ मिनिटं आधी

काटा एकाएकी खाली आला, अगदी थंडच्या खुणेपर्यंत. “निवली बाई एकदाची,” आई म्हणाली. मीही सुस्कारा टाकला आणि गाडी थांबवली नाही.

त्या दिवसातला सगळ्यात घातक क्षण हाच. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पंख्याचा स्विच पाण्याच्या उष्णतेवर चालतो. हीटरमध्ये गरम पाणी फिरलं तरच वारा गरम येतो. पाणी संपलं की काटा, पंखा, हीटर तिघेही सांगतात की सगळं ठीक आहे.

दुपारी 1:40

आधी टकटक, मग ओढ गेली, मग बॉनेटच्या फटींतून वाफ. वळणावर गाडी थांबली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. मागच्या जीपमधले काका ओरडले, “ताई, झाकणाला हात लावू नका! आणि गार पाणी तर अजिबात ओतू नका, हेड तडकेल!” त्यांच्यामुळे माझे हात वाचले.

दुसऱ्या दिवशी, वाईतलं गॅरेज

मिस्त्रींनी हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि खाली मापाचं पातळ पान सरकवलं. ते आरपार गेलं. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, बोल्ट त्याला जागा देत नाहीत, मग ते वाकतं आणि हेड गॅस्केट उडतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय जमली होती, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

मग त्यांनी रेडिएटरचं झाकण माझ्या हातात दिलं. स्प्रिंग बोटाने सहज दबत होती. छोट्या व्हॉल्व्हवर पांढरा क्षार घट्ट बसला होता. कित्येक वर्षं आम्ही बोअरचं पाणी ओतत आलो होतो, त्याचा हा थर.

“हे शेवटचं कधी उघडलं होतं, ताई?”

“मी बाटली रोज बघायचे,” मी म्हणाले.

“बाटली नुसती सोबतीला असते,” ते म्हणाले. “इंजिन पितं ते इथलं.”

आता दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी ते झाकण उघडते आणि पाणी डोळ्यांनी बघते.