नंदेसरीचे पाणी आणि ‘असूडा’तील पाणाडे

ग्रामीण दारिद्र्याचा अभ्यास करताना शेतकऱ्याजवळ काय नाही याची मोजदाद होते. त्याला काय ठाऊक आहे याची क्वचितच. या दृष्टीने बडोद्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. त्यातील काही भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे येथे, तसेच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनाही ऐकविला. महाराजांकडे राज्याची पूर्ण सूत्रे १८८१ च्या अखेरीस आली होती. ‘असूड’ हा ग्रंथ बहुधा सारा, कर्ज आणि भिक्षुकशाही यांवरील टीकेसाठीच आठवला जातो. त्यातील उपाययोजनेकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. पावसाने वाहून जाणारे पालापाचोळ्याचे सत्त्व शेतात मुरावे म्हणून ताली व बंधारे घालावेत, आणि जमिनीखालचे झरे शोधण्यासाठी सरकारने पाणाड्यांची मदत घेऊन त्या जागा नकाशांत दाखवाव्यात, अशी सूचना फुले करतात. पाणाड्याची पारख शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न वेगळा. गावातील जाणकाराचे ज्ञान सरकारी नकाशावर यावे, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

याच बडोद्याच्या वायव्येस, महीच्या खोऱ्यात नंदेसरी आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने येथे रासायनिक उद्योगांची वसाहत उभारली. रोजगार आला, हे नाकारता येत नाही. पण सांडपाणी मिनी नदीत गेले, परिसरातील भूजलही दूषित झाले. दूषित पाणी खंबातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा १९८३ मध्ये सुरू झाला. पर्यावरणविषयक जनसुनावणी कायद्याने बंधनकारक झाली ती १९९७ मध्ये. वसाहतीची आखणी होताना विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला विचारण्याची कोणतीही कायदेशीर तरतूद नव्हती. पाण्याचा रंग आणि चव बदलली, हे प्रथम तिलाच कळणार!

विशेष म्हणजे १९८८ मध्ये गुजरातमध्येच आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमाने ग्रामस्थांच्या सहभागातून गावाची पाहणी करण्याचा प्रयोग केला. पुढे हीच पद्धत रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून जगभर पोहोचली. गावकरी जमिनीवर आपल्या शिवाराचा नकाशा काढत आणि अधिकारी तो समजून घेत. फुल्यांच्या सूचनेशी याचे नाते उघड आहे. हा प्रयोग मुख्यतः शेती, पाणलोट व वनीकरण यांच्या कामांत रुजला. औद्योगिक वसाहतींच्या आखणीपर्यंत तो पोहोचला नाही.

विहीर नासली की बागायतदार कोरडवाहू होतो, आणि त्याच्या शेतावरचा मजूर काम शोधत बाहेर पडतो. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या पाहणीत जमीन, घर, कपडे, कर्ज, स्थलांतर असे १३ निकष होते. पाणी बिघडले काय, हा त्यांत नव्हता.